बरगड्या मोजणारी सून

नातसुनेनं कुकर गॅसवर ठेवला, झाकण लावलं आणि ती सरळ बाहेरच्या खोलीत मोबाईल घेऊन बसली. आत डुकराच्या बरगड्या, बाहेर थंडी, दारावर नाताळची चांदणी, आणि ही मुलगी त्या भांड्याकडे वळूनसुद्धा बघत नाही. मी मात्र स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून पहारा देते आहे.

"आजी, तिथं कशाला बसलाय? नाही फुटत तो."

"फुटत नाही हे ठाऊक आहे मला. आत काय चाललंय त्याचा अंदाज घेतेय."

ती हसली. म्हातारी विनोद करते आहे असं तिला वाटलं. पण मी विनोद करत नव्हते. बंद झाकणाखाली काय चाललं असेल, बंद दाराआड काय चाललं असेल, दोन माणसं हळू आवाजात बोलायला लागली की ती आपल्याबद्दलच बोलत असतील का, हा माझा जन्माचा आजार. वयाबरोबर डोळे गेले, गुडघे गेले, हा काही गेला नाही. एका हिवाळ्यात तर तो इतका बळावला होता की आठवलं तरी अजून कानशिलं तापतात.

बांगलादेशची लढाई झाली तो हिवाळा. माझ्या लग्नाला सात महिने झालेले. नगरच्या मिशनच्या शाळेत शिकलेली, शिवणाच्या क्लासचं सर्टिफिकेट असलेली, इंग्रजी अक्षरं लावून लावून वाचणारी अशी मी बया देवळाली प्रवराजवळच्या एका गावात सून म्हणून आले होते, आणि त्या गावातलं प्रत्येक माणूस मला फसवायला टपलेलं आहे अशी माझी खात्री होती. दूधवाला पाणी घालतो, हे मला दूध न बघताच कळायचं. शिंपी कापड चोरतो. शेजारीण साखर मागायला येते ती आमच्या घरात काय शिजतंय ते बघायला येते. (हे मात्र खरं होतं.) त्यात लढाई. खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवलेले, रेडिओ सारखा बजावतोय की अनोळखी माणसावर लक्ष ठेवा. माझ्यासारखीला हे सांगायची काही गरज होती का? मी तर ओळखीच्या माणसांवरही लक्ष ठेवून होते.

तो गळिताचा हंगाम. पहाटेपासून उसाच्या बैलगाड्या रस्त्यानं कारखान्याकडे निघालेल्या असायच्या. बैलांच्या घुंगरांचा आवाज, चाकांखाली चिरडलेल्या उसाचा गोड, ओला वास, आणि वारा फिरला की मळीचा तो आंबूस दर्प. चिमणीतून काळी राख उडायची आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर तीट लावल्यासारखी बसायची. सासऱ्यांचं पांढरं धोतर मी तीनतीनदा झटकायचे. कारखान्याचा भोंगा झाला की सगळ्या गावाला वेळ कळायची, आणि भोंग्याच्या वेळेला आमचे हे सायकलवर टांग टाकायचे. हे कारखान्याच्या ऑफिसात कारकून होते.

थंडी पडली की आमच्या लोकांना डुकराच्या मटणाची आठवण व्हायची. उन्हाळ्यात ते उष्ण पडतं म्हणून कुणी हात लावायचं नाही. दिवाळी सरली की दर शनिवारी गावातली आम्ही सहा ख्रिस्ती घरं मिळून एक डुक्कर ठरवायचो आणि त्याचे वाटे घालायचो. केळीच्या पानांवर सहा ढीग मांडायचे. एक जण ढिगांकडे पाठ करून उभा राहायचा. दुसरा एकेका ढिगावर बोट ठेवून विचारायचा, "हा कुणाचा?" आणि पाठमोरा माणूस नाव घ्यायचा. ज्याचं नाव निघेल त्यानं मुकाट्यानं पान उचलायचं. किती साधी, किती सरळ रीत! आमच्या लोकांनी भांडणं होऊ नयेत म्हणून काढलेली.

मला त्यातही काळंबेरं दिसलं. पाठ करून उभे राहायचे ते संडेस्कूलचे म्हातारे शिक्षक चष्मा लावायचे. चष्म्याच्या काचेत मागचे ढीग दिसत असणार, हे माझ्या तल्लख डोक्यानं ताडलं. आणि एका शनिवारी मी, सात महिन्यांची नवी सून, डोक्यावरचा पदर सावरत सहा घरांसमोर म्हणाले, "गुरुजी, जरा चष्मा काढून उभं राहता का?"

म्हाताऱ्यानं शांतपणे चष्मा काढला, घडी केली, खिशात ठेवला. मग त्यांनी आमचं नाव घेतलं आणि आम्हाला सगळ्यात जास्त बरगड्यांचा वाटा आला. घरी येईपर्यंत माझे हे माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. सासू मात्र बोलल्या.

"लई हुशार हाय गं तू. आता एक काम कर. उद्या देवळात पाळकसाहेब डोळं मिटून प्रार्थना करत्यात, ते खरंच मिटत्यात का तेबी बघून घे."

सासूला मी आत्याबाई म्हणायचे. उंच, काटक, राहुरीच्या मळ्यातल्या मातीत वाढलेल्या. सासऱ्यांना मामा. मामा शाळामास्तर होते, तीन वर्षांपूर्वी रिटायर झालेले. त्यांचं शुद्ध बोलणं, कडक इस्त्रीची टोपी आणि देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, बायबलातला शास्त्रपाठ वाचताना घुमणारा आवाज यांचा गावात दरारा होता. पण दसऱ्याच्या सुमाराला त्यांचे दात इतके ठणकायला लागले की नगरच्या डॉक्टरांनी होते नव्हते ते सगळे उपटले. हिरड्या भरून आल्या की कवळी बसवू म्हणाले. तेव्हापासून मामांनी शास्त्रपाठ वाचणं बंद केलं. टोपी घालून बाहेर बसणं बंद केलं. आमच्यात पुरुषांची पंगत आधी, बायकांनी वाढायचं आणि मागाहून जेवायचं. त्या पंगतीतही मामा बसेनासे झाले. "ते दूधभाकरीचा काला घेत्यात मागल्या खोलीत," एवढं आत्याबाईंनी सांगितलं होतं आणि विषय बंद केला होता.

आता माझ्या कुकरबद्दल. तो माझ्या भावानं पुण्याहून लग्नात दिला होता. सबंध गावात तेवढा एकच. त्याच्यासोबत एक इंग्रजी पुस्तक होतं आणि त्यावर कुकरशेजारी उभ्या असलेल्या एका बाईचं चित्र. ती इतकी हसत होती की मला तिचाही संशय यायचा. आत्याबाई त्या भांड्याला हात लावत नसत. "लढाई तिकडं चाललीय म्हन्त्यात, आन् बाँब हितं माझ्या चुलीपाशी." त्यांची रीत वेगळी: मातीच्या चुलीवर पातेलं, त्यात कच्च्या पपईचा तुकडा, वर पाणी भरलेलं ताट, आणि सकाळच्या भोंग्यापासून दुपारच्या भोंग्यापर्यंत मंद जाळ. मी नाक वर करून सांगितलं होतं, "आत्याबाई, यात पाऊण तासात लोण्यासारखं मऊ होतं. पुस्तकात लिहिलंय."

"मग लोनी हुतंय का बघू," त्या म्हणाल्या आणि त्या दिवसापासून मटण माझ्याकडे आलं.

लोणी काही झालं नाही. आलं-लसूण लावून, कांदा परतून, कांदा-लसणीचा मसाला घालून मी बरगड्या कुकरात घालायचे, रॉकेलच्या स्टोवर ठेवायचे, आणि काढल्यावर त्या अशा निघायच्या की आमचे हे दोन्ही हातांनी ओढायचे. दर शनिवारी तेच. चव उत्तम, रस्सा उत्तम, मटण चिवट. आत्याबाई काही बोलत नसत. त्यांचं ते न बोलणंच मला जास्त संशयास्पद वाटायचं.

आणि मग माझ्या लक्षात आलं, की बरगड्या कमी होतात.

मी मोजल्या होत्या. घालताना अकरा, वाढताना नऊ. पुढच्या शनिवारी घालताना दहा, वाढताना आठ. झालं! माझ्या डोक्यात सगळं जुळलं. नणंद पलीकडच्या गल्लीत दिलेली होती. आत्याबाई लेकीसाठी बरगड्या काढून ठेवतात. मटण मऊ होऊ नये, माझं नाव खराब व्हावं, म्हणून काही तरी कारस्थानही करत असणार. शिट्टी हलवून ठेवत असतील. स्टोची हवा सोडत असतील. मी पहारा वाढवला. एक शिट्टी झाली की कुकर उतरवायचा, चमच्यानं शिट्टी उचलून वाफ घालवायची, झाकण काढून बरगड्या मोजायच्या, पुन्हा झाकण, पुन्हा स्टो. दुसरी शिट्टी, पुन्हा मोजणी. वाफेच्या भीतीनं हातात परात ढालीसारखी धरलेली. आज डोळ्यांपुढे आणते तेव्हा वाटतं, त्या पुस्तकावरची बाई हसत होती ती मलाच हसत असावी.

एवढ्या पहाऱ्यातही, मटण पातेल्यात काढून मी पानं मांडायला वळले की दोन बरगड्या जायच्याच. आणि पुरुषांचं जेवण उरकलं की मागच्या खोलीचं दार लागायचं. आतून आवाज यायचा: ठक, ठक, ठक.

"आत्याबाई, काय कुटताय?"

"लसून."

जेवण झाल्यावर कुणी लसूण कुटतं का? मी त्या शनिवारी ठरवलं, आज पकडायचंच. दुपारची वेळ होती. हे बाहेर शेजाऱ्यांशी लढाईच्या गप्पा मारत होते. आतून ठकठक सुरू झाली तशी मी पदर खोचला आणि दार धाडकन उघडलं. "सापडल्या ना!" असं ओरडलेसुद्धा. हो, ओरडले. आता हे सांगताना वाटतं, त्या पोरीच्या तोंडावर कुणी तरी ती परात झाकायला हवी होती.

मामा जमिनीवर मांडी घालून बसले होते. गळ्याशी पंचा. त्यांच्यासमोर आत्याबाई, मध्ये दगडी खलबत्ता, आणि दोघांत मिळून एक ताट. आत्याबाई बरगडीवरचं मटण बोटांनी सोडवत होत्या, खलात ठेचत होत्या, त्यात रस्सा कालवून मामांच्या तळहातावर लहान लहान घास ठेवत होत्या. एक घास त्यांना, एक स्वतःला. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या समोर बसून, त्याच्या ताटात जेवणारी बाई मी त्या गावात तोवर पाहिली नव्हती. आत्याबाई काही तरी सांगत होत्या आणि मामा हसत होते. बोळकं तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखे.

मला बघताच त्यांनी पंचा तोंडावर धरला.

आत्याबाई उठल्या नाहीत. खाली मान घालून म्हणाल्या, "मोजून झालं असंल तर दार लावून घे."

त्या दिवसापासून मागच्या खोलीतला आवाज थांबला. मामा मटण नकोच म्हणाले. नुसतं दूध. संध्याकाळी त्यांनी मुलाला बोलावून सांगितलं, "नाताळच्या पंगतीत माझं पान मांडू नका. प्रार्थना तू कर." आमच्याकडे नाताळच्या दुपारी घरचा मोठा माणूस प्रार्थना करतो आणि पहिली बरगडी उचलतो, त्याशिवाय कुणी घास घेत नाही. चाळीस वर्षं ती पहिली बरगडी मामांची होती. माझ्या एका दार उघडण्यानं त्यांनी ती सोडून दिली होती.

त्या रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल पुसता पुसता हे मला म्हणाले, "एक विचारू? शिट्टी झाली की तू कुकर उघडतेस कशाला?"

"मोजायला."

"अगं, वाफ कोंडली तरच शिजतं ना त्यात. तू दर शिट्टीला वाफ सोडून देतेस. मग ते शिजणार कधी?"

पुस्तकातली इंग्रजी अक्षरं लावताना हे वाक्य मी वाचलं होतं. पण मला वाटलं होतं, कंपनीवाले उघडू नका म्हणतात म्हणजे नक्की काही तरी लपवत असणार.

लढाई थांबली. खिडक्यांचे काळे कागद निघाले आणि घरात एकदम इतका उजेड आला की कोपऱ्यातली जळमटंसुद्धा दिसायला लागली. नाताळ आठवड्यावर होता. दारोदारी बांबूच्या कामट्यांच्या चांदण्या चढत होत्या, करंज्यांचा खमंग वास यायचा, हरभऱ्याचे डहाळे घेऊन पोरं अंगणात बसायची. आमच्या घरात मात्र दोन म्हातारी माणसं एकमेकांशी न बोलता वेगवेगळ्या वेळी जेवत होती. मी आत्याबाईंकडे चोरून बघायचे. त्या एकट्या, भिंतीकडे तोंड करून, चार घासांत उरकायच्या.

नाताळच्या सकाळी उपासनेहून आल्यावर मी बरगड्या कुकरात घातल्या. मोजल्या नाहीत. झाकण लावलं, स्टोची हवा भरली आणि आत्याबाईंना म्हणाले, "तुम्ही माझ्यापाशी बसा. मी उठायला लागले तर धरून ठेवा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आता त्यांना माझा संशय आला असावा. पण पाट घेऊन बसल्या. पहिली शिट्टी झाली तसा माझा हात आपोआप पुढे गेला. त्यांनी मनगट पकडलं. दुसरी. तिसरी. चौथ्या शिट्टीला त्यांनी स्वतःच कानांवर हात ठेवले.

"मार्था, ह्ये उडालं तर?"

"तर आपण दोघी मिळून उडू, आत्याबाई."

"तुज्यासंगं? वरबी मोजत बसशील तू, किती देवदूत हायेत म्हनून."

आम्ही दोघी हसलो. त्या घरात मी आणि त्या एका वेळी पहिल्यांदाच हसलो असू. सातव्या शिट्टीला मी स्टो बंद केला, आणि वाफ आपली आपण बसेपर्यंत दोघी लसूण सोलत बसलो. झाकण काढलं. चमच्यानं एक बरगडी उचलली तर चमच्यात नुसतं हाड आलं, मटण खाली रश्श्यात राहिलं.

दुसरी एक बरगडी वाटीत घेऊन मी मागच्या खोलीत गेले. या वेळी दार वाजवलं.

"मामा, माझं चुकलं."

"काय चुकलं? दार उघडण्यासाठीच असतं." भिंतीकडे बघत ते म्हणाले. दात नसल्यानं त्यांचे शब्द भिजलेल्या कागदासारखे यायचे, आणि ते त्यांना कळत होतं, म्हणून ते थोडकंच बोलायचे. मी वाटीतलं हाड हलवून दाखवलं. मटण गळून पडलं. त्यांनी बराच वेळ त्या वाटीकडे पाहिलं. जन्मभर पोरांच्या वह्या तपासलेल्या माणसानं बघावं तसं, यात कुठे कॉपी तर नाही ना, अशा नजरेनं. मग हात लांब करून म्हणाले, "टोपी दे."

पंगतीत दहा-बारा माणसं होती. चष्मेवाले संडेस्कूलचे गुरुजीही होते. मामांनी प्रार्थना केली. अर्धे शब्द हवेत विरून गेले, पण कुणी डोळे उघडले नाहीत. मी उघडून पाहिलं, म्हणून सांगते. त्यांनी पहिली बरगडी उचलली, हिरड्यांत दाबली, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की माझा ऊर भरून आला. जिंकले, म्हटलं मी मनात. माझा कुकर जिंकला. आत्याबाईंकडे पाहिलं.

त्या वाढणं थांबवून दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. पळी हातात तशीच. चेहऱ्यावर आनंद होता, आणि त्याच्या खाली दुसरं काही तरी, एखाद्या कामावरून कमी केलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असतं तसं. मामांनी मान वर करून त्यांना पाहिलं. चावणं थांबवलं. घास गिळला.

"निबर राहिलंय गं जरा," ते म्हणाले.

मी आ वासला. "मामा! निबर? हाडावरून गळून..." पुढे बोलणार तोच यांनी माझ्याकडे बघून डोळे वटारले. माझ्या डोक्यात पुन्हा घंटा वाजायला लागल्या: हा कट आहे, दोघांचा मिळून, ऐन पंगतीत, पाहुण्यांसमोर.

"म्हन्लं न्हवतं म्या?" आत्याबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज असा खणखणीत मी पंधरा दिवसांत ऐकला नव्हता. "त्या डब्यात कुटं शिजतंय व्हय मटान? थांबा जरा." आणि त्या मागच्या खोलीतून खलबत्ता घेऊन आल्या, सगळ्या पुरुषांच्या पंगतीत मामांच्या शेजारी मांडी घालून बसल्या आणि त्यांच्या ताटातलं मटण ठेचायला लागल्या. लोण्यासारखं मटण. ठेचायला त्यात काही उरलं नव्हतं. बत्ता नुसता खलाच्या तळावर वाजत होता. गुरुजींनी चष्मा काढला, पुसला आणि ताटाशेजारी ठेवून दिला. मामांनी तळहात पुढे केला.

मी तणतणत स्वयंपाकघरात गेले. किती दिवस माझ्या डोक्यात तो राग होता, सांगायला लाज वाटते. पुढे म्हातारपणी माझ्याच तोंडात कवळी बसल्यावर, माझ्यासाठी ठेचणारं कुणी नाही हे कळल्यावर सगळं समजलं. पण त्यातलं थोडंसं त्या आठवड्यातच समजलं होतं.

नव्या वर्षाच्या दिवशी पुन्हा वाटा आला. बरगड्या कुकरात, कुकर स्टोवर. न बोलावता आत्याबाई पाट घेऊन आल्या आणि शेजारी बसल्या. एक शिट्टी झाली, दोन झाल्या, तीन झाल्या, चार झाल्या. मी सातव्या शिट्टीची वाट बघत होते.

"बास," त्या म्हणाल्या. "उतरव."

"अजून तीन राहिल्यात, आत्याबाई. मऊ व्हायचं नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. साडीच्या काठावरची राख बोटानं टिपत बसल्या होत्या, आणि त्या साठीच्या बाईच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"उतरव म्हन्ते ना गं."

मी उतरवला. का, ते विचारलं नाही. माझ्या आयुष्यात मी न विचारलेला तो पहिला प्रश्न असेल. आणि पुढे मामा गेले त्या वर्षापर्यंत, त्यांची कवळी आल्यावरसुद्धा, दर हिवाळ्यात मी बरगड्या चौथ्या शिट्टीला उतरवत राहिले, आणि गावात माझं नाव झालं की मास्तरांच्या सुनेला एवढा भारी कुकर असून मटण काही शिजवता येत नाही.